फॉर्ममधला एक रकाना

तीर्थरूप काका,

नमस्कार लिहायचं जिवावर आलंय, तेव्हा तो राहू द्या. हे पत्र मी पाठवणारही नाही. तुम्ही त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या काढाल.

दादा मेंदूच्या कॅन्सरने गेला तेव्हा भरल्या घरात तुम्ही म्हणालात, "हे वहिनीच्या माहेरचं रक्त. आमच्या घराण्यात असलं काही नाही." आईने मुकाट्याने तपासणीला रक्त दिलं. तिच्यात दोष निघाला नाही. पेशी बेताल वाढायला लागली की तिला आवरणारं एक जीन असतं. दादाला ते जन्मतःच बिघडलेलं मिळालं, आणि ते बाबांकडून, म्हणजे तुमच्याच थोर घराण्यातून. हे मी समजावलं तर तुम्ही हसलात. लॅबमध्ये सुया टोचणाऱ्या पोरीने अक्कल शिकवू नये, म्हणालात.

दादाचं डोकं दुखायला लागलं तेव्हा दवाखान्यातला फॉर्म तुम्हीच भरला होता. 'घरात कोणाला कॅन्सर होता का?' या रकान्यात तुम्ही 'नाही' लिहिलंत. डॉक्टरांनी चष्मा बदलायला सांगितला. सहा महिने तसेच गेले. आत्या तापाने गेली, असंच तर तुम्ही आम्हाला सांगत आलात.

काल दुपारी तुमच्या लेकीला, ताईला, त्याच तपासणीसाठी घेऊन तुम्ही लॅबमध्ये आलात. "वहिनीला कळू देऊ नकोस," म्हणालात. तिचं रक्त मीच काढलं. मग फॉर्म पाहिला. त्याच रकान्यात तुम्ही लिहिलं होतं, 'आत्या, वय एकोणतीस, मेंदूची गाठ.'

अक्षर अजून मोत्यासारखं आहे तुमचं, काका.

तुमची पुतणी,
सुईवाली