उघडी तक्रारवही

६ जानेवारी

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तू लिहिलेलं आणि येऊन बसवून गेलेलं 'सोबत' सातही कॉम्प्युटरवर सुरळीत चाललंय, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचशील. कुठल्याशा कचेरीनं मोडीत काढलेले ते डबे. पूर्वी एक चालू व्हायचा तोवर माझी भाजी निवडून व्हायची. आता खुर्ची ओढून बसेपर्यंत तयार असतो. आमची नोंदणीवाली तर तुझ्यावर खूश आहे. येणाऱ्या बाईची नोंद, मुलांची शाळा, वकीलबाईंच्या तारखा, कुणाची ड्यूटी कधी, सगळं एका जागी. संस्था चालवणाऱ्याला काय लागतं हे कुणीतरी विचारून केलंय, म्हणाली. हे कुणालाही मोकळेपणी वापरता येतं, उघडून बघता येतं, बदलून दुसऱ्याला देता येतं, यावर तिचा विश्वास बसेना. मी तिला तुझं सगळं भाषण म्हणून दाखवलं. दोन वर्षं ऐकतेय, पाठ झालंय.

बायकाही तुझी आठवण काढतात. जीव मुठीत धरून घर सोडलेल्या या बायका, पुरुषाची चाहूल लागली की आत जातात. पण तू दोन दिवस टेबलाखाली घुसून वायरी ओढत होतास, त्यामुळे तुझे फक्त पायच दिसले, म्हणून भीती वाटली नाही, असं शिवणवाली म्हणाली. ती हसून बोलली याचंच मला जास्त अप्रूप. दोन लेकरं घेऊन आली तेव्हा आठवडाभर तोंडातून शब्द नव्हता.

एक तक्रार आहे. नाव शोधताना नोंदींचा प्रोग्रॅम मधेच बंद पडतो. मग एक चौकट येते, अडचण कळवायची का म्हणून. नोंदणीवाली भल्या मनानं 'हो' दाबते. आठवड्यात चारदा झालं. जरा बघ. आणि जेवत जा वेळेवर.

माया तुला ठाऊकच आहे, लिहून काय दाखवू.
तुझी ताई

१४ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्रानं बरं वाटलं. माझ्या पायांची कीर्ती झाली हेही नसे थोडके.

प्रोग्रॅम बंद पडायचा दोष सापडला. दुरुस्ती उद्यापर्यंत तुमच्याकडे आपोआप पोचेल. नोंदणीवालीला माझ्यातर्फे धन्यवाद सांग. ती 'हो' दाबते म्हणून तर आम्हाला कळतं. अशा सगळ्या अडचणी आमच्या तक्रारवहीत जमा होतात. वही इंटरनेटवर उघडी आहे, जगात कुणीही वाचावी. आमच्या चुका आम्ही झाकत नाही, हाच तर आमचा अभिमान.

इथं आम्ही दोघंच, मी आणि मास्तर. मास्तरांनी तीस वर्षं गणित शिकवलं, आता माझं काम तपासतात आणि लाल पेन हातात नसल्याची हळहळ करतात. वीस फेब्रुवारीला संस्थांच्या महासंघाची बैठक आहे. चाळीस संस्थांनी 'सोबत' घ्यायचं का, हे तिथं ठरेल. तू दोन शब्द लिहून दिलेस तर वजन पडेल. बहीण म्हणून नको, खरं वाटेल तेच लिही.

थोरलेपणाचा हात डोक्यावर असू दे.
तुझा खटपट्या

२९ जानेवारी

चि. भावास,

मंगळवारी फोनवर मी फक्त 'तुझी वही बघ, ते काढ' एवढंच म्हणाले आणि ठेवला. बोलत राहिले असते तर तोंडून नको ते गेलं असतं. म्हणून लिहितेय.

सकाळी साडेआठला शिवणवालीचा नवरा आमच्या फाटकासमोर उभा होता. मुलांना शाळेत सोडायची वेळ. धाकट्या मुलीनं त्याला आधी पाहिलं आणि तिनं आईचा पदर न धरता दार आतून लावून घेतलं. सहा वर्षांची पोर. तो फाटकाला हात न लावता नुसता उभा राहिला, बायकोचं माहेरचं नाव घेऊन हाका मारत. पोलीसबाई यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ चौदा बायका आणि नऊ मुलं माजघराच्या भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. एकही मूल रडलं नाही. ते मला सगळ्यात वाईट वाटलं.

पत्ता कसा मिळाला, असं पोलीसबाईंनी विचारल्यावर तो म्हणाला, मी काही चोरी केली नाही, बायकोचं नाव इंटरनेटवर टाकलं, आलं. त्यानं मोबाईल दाखवला. तुझी तक्रारवही होती. वर प्रोग्रॅम बंद पडल्याची नोंद आणि खाली तिचं पूर्ण नाव, मुलांची शाळा, पाण्याच्या टाकीमागची गल्ली, आमचं फाटक.

तिला आणि मुलांना त्याच दुपारी दुसऱ्या गावी हलवलं. सातही कॉम्प्युटरच्या वायरी मी माझ्या हातानं उपटल्या. नोंदणीवाली दोन दिवस जेवली नाही, 'हो' मी दाबलं म्हणते. तिला मी सांगितलं की दाबणाऱ्याचा दोष नाही. कुणाचा आहे ते तुला सांगायला नको.

हे असं आणखी कुणाचं गेलंय, ते शोध.

ताई

१ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

पत्र आजच हातात पडलं. तुझा फोन ठेवल्यापासून अकरा मिनिटांत ती नोंद काढली होती. पण इंटरनेटवर तिच्या नकला आणखी दोन ठिकाणी होत्या. एका ठिकाणची काल गेली, दुसरी काढावी म्हणून तिथल्या लोकांना रोज लिहितोय.

प्रोग्रॅम बंद पडला की त्या क्षणी पडद्यावर काय होतं तेही तक्रारीसोबत जायचं. तो तुकडा मीच लिहिला, दोन वर्षांपूर्वी. माझ्या पडद्यावर तेव्हा खोटी नावं असायची, 'अमुक तमुक', 'बाई एक', 'बाई दोन'. पुढे तिथं खरी माणसं येणार, हे सुचलंच नाही. परवा दोष शोधतानाही नोंदीच्या वरच्या ओळीच वाचल्या, खाली पाहिलंच नाही. दुसरं कारण शोधतोय, सापडत नाही.

सगळी वही वाचून काढली. तेवीस नोंदींमध्ये माणसांची नावं आहेत. तुमच्याशिवाय चार संस्था. एक दवाखाना, एक मूकबधिर मुलांची शाळा, एक व्यसनमुक्ती केंद्र, एक अनाथालय. तेवीसही काढल्या, वही बंद केली.

या चौघांना अजून सांगितलेलं नाही. मास्तर म्हणतात, थांब. गाजावाजा केला तर उरलेली नक्कल शोधायला दहा माणसं धावतील, आणि महासंघ घाबरून पाठ फिरवेल, तर पुन्हा सगळ्या संस्था कंपन्यांच्या त्या कुलूपबंद प्रोग्रॅमकडे जातील, जिथं चूक झाली तर कळणारही नाही. दुरुस्ती करू, वीस तारखेनंतर सांगू. त्यांच्या बोलण्यात तथ्य नाही असं मला म्हणवत नाही. तू काय म्हणतेस?

खटपट्या

५ फेब्रुवारी

चि. भावास,
आ.

मी काय म्हणते ते तुला ठाऊक आहे. तरी विचारतोस, म्हणजे कुणीतरी 'थांब' म्हणावं अशी तुझी इच्छा आहे. मी म्हणणार नाही.

काल शिवणवालीला भेटून आले. तिनं विचारलं, माझं नाव कुणी टाकलं? मी सांगितलं, माझ्या भावानं, ज्याचे पाय तू पाहिले होतेस. तिनं हातातल्या कापडाची दशी ओढून काढली. मग म्हणाली, त्यांना माहीत होतं का? मी म्हटलं, नव्हतं. तर म्हणाली, आता आहे ना?

एवढंच. मी तिला तुझ्या त्या चार संस्थांबद्दल काहीही बोलले नव्हते.

आमच्या फाटकावर कोण येऊन गेलं ते आम्हाला कळलंय. त्या चौघांच्या फाटकावर कोण येऊ शकतं, हे त्यांना माहीत नाही, तुला माहीत आहे. तुझ्या पत्रावर एक फेब्रुवारी ही तारीख आहे. आज पाच.

ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी उभाच होतो. बसलो नाही, फोन लावला.

अनाथालयाच्या बाईंनी नावं लिहून घेतली, पुन्हा वाचून दाखवली, ठेवते म्हणाल्या. शाळेचे मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, लवकर सांगायला हवं होतं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी अर्ध्यात फोन ठेवला. त्यांनी 'सोबत' काढून टाकलं. व्यसनमुक्ती केंद्राचा फोन लागेना म्हणून बसनं गेलो. तिथल्या संचालकांनी मला त्याच माणसासमोर बसवलं ज्याचं नाव गेलं होतं. तो बसचालक होता, नुकताच कामावर परतलेला. मी सांगितलं. तो म्हणाला, तरीच साहेब परवा तोंडाचा वास घ्यायला जवळ आले.

मग वहीचं पहिलं पान तेवढं पुन्हा उघडं केलं आणि त्यावर सगळं लिहिलं, माणसांची नावं सोडून माझ्या नावासकट. मास्तर रागावून निघून गेले. दोन दिवसांनी परत आले, शेजारी बसले आणि पडद्यावरचं बाहेर पाठवणारा तो तुकडा ओळीओळीनं खोडायला लागले. आता आपोआप काहीच बाहेर जात नाही. ज्याला अडचण कळवायची त्यानं स्वतःच्या शब्दांत लिहायची. महासंघानं विषय बैठकीतून काढलाय. कधी येईल, येईल का, माहीत नाही.

पुन्हा वायरी जोडा असं मी म्हणणार नाही.

रागावलीस तरी तुझाच,
खटपट्या

१६ मार्च

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

तुझं पहिलं पान मी बायकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. कुणी वाहवा केली नाही, तू अपेक्षाही करू नकोस. मग नोंदणीवालीनं तीन दिवस खोटी नावं भरली, प्रोग्रॅम मुद्दाम चाळीस वेळा पाडला, आणि वकीलबाईंच्या ओळखीच्या एका जाणत्या मुलीनं बाहेर काय जातंय ते पाहिलं. काही गेलं नाही. मग नोंदी परत त्यात ठेवायच्या का, असं सगळ्यांना विचारलं. आठ जणी हो म्हणाल्या. पाच जणींनी नको सांगितलं. त्यांच्या नोंदी मी कागदावर ठेवते, लोखंडी कपाटात. 'सोबत' चार कॉम्प्युटरवर आहे, तीन बंद आहेत.

शिवणवालीच्या नवऱ्याला कोर्टानं जवळ फिरकायला मनाई केली. मुलगी नव्या शाळेत जाते. तुला सांगायला तिनं काही निरोप दिलेला नाही. मी मागितलाही नाही.

आणि आम्ही घर बदललं. एकदा कळलेला पत्ता परत गुपित होत नाही. अकरा वर्षांचं घर दोन टेंपोत बसलं. इथं पाणी चांगलं येतं, मुलांना खेळायला गच्ची आहे. कॉम्प्युटर मीच जोडले, टेबलाखाली जाऊन. पाठ धरलीय.

तुला पत्ता कळवणार नाही. विश्वास उडाला म्हणून नाही. आता तो कुणालाच सांगायचा नाही असं बायकांनी ठरवलं आणि मीही हात वर केला. पत्र संस्थेबाहेरच्या माझ्या खोलीवर टाक. दर महिन्याला टाक, अडचण असो वा नसो.

होती तितकीच तुझी,
ताई