खिडकीवरच्या दगडाचं खालचं टोक

३ ऑगस्ट
ऊनाला पुन्हा शाबासकी! आमचे गटप्रमुख डॉ. फेलिम म्हणाले, "ब्रोना मोजते, ऊना वाचते." सगळे हसले. मीही हसले, जरा उशिरा.

४ ऑगस्ट
पडक्या चर्चच्या दक्षिण खिडकीवर दगड आडवा बसवलाय. ओगमच्या, म्हणजे जुन्या आयरिश लिपीच्या, खाचा त्याच्या काठावर. दगड मापात बसवताना गवंड्याने निम्म्या उडवल्या. असे दगड मुळात जमिनीत उभे पुरलेले; ओगम वाचायचं खालून वर. पण आडव्या दगडाचं 'खाली' कुठलं? ऊनाने डोळे मिटले, काठावरून बोटं फिरवली. "डावं." झालं! माझा स्कॅनर मिलिमीटरचा दहावा भाग मोजतो. कौतुक बोटांचं.

५ ऑगस्ट, बुधवार
सापडलं! उजवं टोक निमुळतं, ओबडधोबड, एकही खाच नाही. जमिनीत पुरायचा भाग असाच ठेवत. म्हणजे ऊना उलटं वाचतेय. स्कॅनवरून काढलेल्या माझ्या चित्रावर तिथे 'पुरलेलं टोक' असं लिहिलं. बोलले कुणाशीच नाही. रविवारी दगडाचं जाहीर वाचन आहे, तेव्हाच गावासमोर बोलेन.

चर्चची किल्ली म्हाताऱ्या मुरिशकडे असते. कुंपणावरून ओरडला, "ये गं पोरी, ब्रेड गरम आहे! ती दुसरी केव्हाच येऊन बसलीय." मला वेळ नव्हता. ऊना तासभर त्याच्या स्वयंपाकघरात. हिला बरा वेळ मिळतो!

६ ऑगस्ट
ऊना माझं चित्र बराच वेळ बघत होती.
"उजव्या टोकाची खात्री आहे तुझी?"
"मोजलंय मी."
"मग झालं तर."

९ ऑगस्ट, रविवार
चर्च ज्या संताचं, त्याचा दिवस. प्रार्थनेला सगळं गाव चर्चच्या आवारात. मग दगडाचं वाचन. ऊना म्हणाली, "आधी ब्रोना बोलेल."
बोलले. आकड्यांसकट. डॉ. फेलिम मान डोलावत होते — माझ्यासाठी!
मागून मुरिश ओरडला, "अगं पोरी, ते टोक माझ्या बापाने घणाने फोडलंय! वादळात दगड खाली आला, परत खिडकीत बसेना. शिडी मीच धरली होती!"
गाव हसलं. कुणीतरी म्हणालं, "मुरिश, यंत्राला चहा पाज जरा!"
मग ऊनाने डावीकडून, ज्याच्यासाठी दगड उभारला होता त्याचं नाव वाचलं. टाळ्या.

१० ऑगस्ट
मुरिशकडे चहाला गेले. ब्रेडवर लोणी फासता फासता म्हणाला, "तुझ्या मैत्रिणीला सांगितलं होतं की मी. बुधवारीच, याच टेबलाशी."
बुधवारी! गुरुवारी तिने मला विचारलं. रविवारी मला पुढे केलं.
म्हणजे तीही. इतके दिवस तीही जळत होती — माझ्यावर!
मी आणखी एक कप मागितला.