बत्तिसात बसवलेला पूल

प्रिय मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. (वयानं तू लहान, तेव्हा खरं तर आशीर्वादच द्यायचा, पण काम माझं अडलंय, म्हणून नमस्कार.) तुझी पाठ कशी आहे? दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्यांची पाठ जाते असं ऐकतो. माझी शाबूत आहे, कारण प्रुफं तपासताना मी दर थोड्या वेळानं उठून चहाचं काय झालं ते बघून येतो. तुझी ताई मजेत आहे. जरा जास्तच मजेत आहे, आणि पत्र त्याबद्दलच आहे. फोनच केला असता, पण आमचं टेबल एकच, आणि ती समोरच बसलेली असते.

तिच्या ऑफिसला नदीवरच्या मोठ्या पुलाचं काम मिळालं, हे तुला कळलंच असेल. परवा जेवताना तिनं सहज जाहीर केलं, "वर्षभर आपण साइटवर राहायचं." (ती स्वतःलाच 'आपण' म्हणते, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. 'आपण नाही बाई असल्या भानगडीत पडत' म्हणजे ती पडत नाही. मी पडलेला असतो.) मी म्हटलं, वा, छान! बायकोची प्रगती होत असताना नवऱ्यानं आनंदी असावं, तसा मी ताबडतोब आनंदी झालो. तेव्हापासून एकच प्रूफ तीन-तीनदा तपासतोय, ती गोष्ट वेगळी.

आता साइटवर न्यायला लॅपटॉप हवा. साधासुधा नव्हे, वर्कस्टेशन म्हणतात तो. तिनं कॉम्प्युटरवर रचलेला अख्खा पूल एकेका सळईसकट पेलणारा. आमच्या टेबलाखाली तिच्या कॉम्प्युटरचं जे धूड आहे (ज्याच्या गरम वाऱ्यावर मी पाय शेकतो) त्यात चौसष्ट जीबी मेमरी आहे. लॅपटॉपलाही चौसष्टच हवी असं तिचं म्हणणं. मी म्हणतो, बत्तीस पुरे झाली. यात माझा काडीचाही स्वार्थ नाही. माझा मुद्दा निव्वळ तांत्रिक आहे.

हे तंत्र मी दुकानात जाऊन शिकून आलो. विक्रेत्यानं विचारलं, काम काय करता? मी म्हटलं, प्रुफं तपासतो. तो म्हणाला, मग आठसुद्धा डोक्यावरून पाणी. इतका समजूतदार माणूस मी बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता. पण पुलाचं नाव काढताच तो गंभीर झाला. या लॅपटॉपची मेमरी आत पक्की डकवलेली असते म्हणे, तेव्हा काय ते आत्ताच ठरवा, नंतर वाढवता येणार नाही. साइटवरचं वर्ष मात्र नंतर वाढवता येतं, असं तिच्या ऑफिसनं कळवलंय.

घरी आल्यावर ताईनं माझी शिकवणी घेतली. मेमरी म्हणजे टेबल, डिस्क म्हणजे कपाट. कपाटात कितीही कोंबा, पण काम होणार ते टेबलावर मावेल तेवढ्याचंच. आणि तिचा पूल पसरला की पन्नासच्या आसपास जागा खातो. मी म्हटलं, आपलं अर्धं टेबल माझ्या प्रुफांनी अडवलेलं असतं, तरी तुझं अडतं का कुठं? तिनं चष्म्यावरून नुसतं पाहिलं. वादात मी जिंकत आलो की ती असं पाहते.

मग मी प्रयोग केला. (इथून पुढचं जरा शांतपणे वाच.) ती बाजारात गेली असताना मी तिच्या पुलाचा मधला भाग तेवढा काढून बाजूला ठेवला. दोन्ही टोकं जागच्या जागी. मेमरीचा आकडा बघता बघता तिशीच्या आत आला. म्हणजे सिद्ध झालं की, पूल बत्तिसात ऐसपैस बसतो! आनंदाच्या भरात मी 'सेव्ह' दाबलं आणि मधला भाग परत लावायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी ताईनं तोच पूल सगळ्या ऑफिससमोर भिंतीवर दाखवला. मोठ्या साहेबांनी अतिशय अदबीनं विचारलं म्हणे, की मधलं अंतर लोकांनी पोहून जायचं आहे का.

घरी येऊन तिनं हे एवढं सांगितलं आणि आधी कॉम्प्युटरचा पासवर्ड बदलला. मी आपला प्रुफांत तोंड खुपसून बसलो, आणि नेमकं ते पुस्तक निघालं पोहण्यावर.

असो. माझं मत कायम आहे. पाठीला जप.

तुझे,
(निःस्वार्थी) भावोजी

ता. क. – ताईला फोन करून सांग की बत्तीस पुरते. तुझं ती ऐकते. तुला म्हणून सांगतो, बत्तिसात पुलाचे तुकडे उघडतील, पण अख्खा पूल जोडून बघायचा तर तिला दर शनिवारी टेबलाखालच्या धुडाकडे यावंच लागेल. धुडासाठी का होईना, येईल तर! समोरची खुर्ची रिकामी ठेवून मला वर्षभर प्रुफं तपासता येणार नाहीत रे. मी सांगितलं असं मात्र सांगू नकोस.

ता. ता. क. – फोन करू नकोस. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात ती चौसष्टवाला घेऊनच आली. मी तोंड पाडून म्हटलं, जा, सुखानं जा, एकटी आहेस, जपून राहा. तिनं कपाळावर हात मारून घेतला. म्हणाली, "अहो, आपण म्हणजे आपण दोघं! प्रुफं काय, कुठंही बसून तपासता येतात." जन्मभर लोकांच्या वेलांट्या सुधारत आलो, आणि घरातला एवढा एक शब्द चुकीचा वाचला. तर तुझी मोठी बॅग पाठव, आणि धूड वर्षभर तुझ्याकडे ठेव. पाय शेकायला बरं पडतं. तिकडचं टेबल लहान आहे, तुम्हाला किती हवं ते आत्ताच ठरवा, नंतर वाढवून मिळणार नाही, असं तिनं बजावलंय. मी कोपऱ्यावर राजी झालो.