मशीनवर वखर नाही

४ नोव्हेंबर
अर्ज मागे घ्यायचा शेवटचा दिवस. आपल्या उमेदवाराने घेतला. जागा युतीत मित्रपक्षाला. म्हणजे यंदा मशीनवर वखर ही आपली निशाणीच नाही. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. आणि मित्रपक्षाचा उमेदवार कोण, तर पूर्वी आपल्यातून फुटलेल्या आप्पांचा मुलगा! तालुक्याच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.
आता वडिलांना कोण सांगणार?

५ नोव्हेंबर
नाही सांगितलं. नानांचे डोळे गेलेत, छातीचं दुखणं आहेच. चहा घेताना विचारलंच, "वखर कोनाले दिधा रे यंदा?" म्हटलं, नवा मुलगा आहे, चोपड्याकडचा. "बरं करं. जुना बठ्ठा चोर शेतस." जुने सगळे चोर, म्हणून खूश. सौ. कपबशा उचलून आत गेली.

९ नोव्हेंबर
मळ्यात राहतो ते बरं, प्रचाराच्या रिक्षा इकडे फिरकत नाहीत. टीव्ही बिघडलाय असं सांगितलंय.
दुपारी नाना जुन्या निवडणुका काढून बसले. आपल्या मतदारसंघात वखर निवडून आला तो एकदाच, आप्पा उभे होते तेव्हा. गावचे सुतार रहीमचाचा, त्यांनी हातातली कामं सोडून नवाकोरा वखर घडवला, नाना तो बैलगाडीवर बांधून गावोगाव फिरले. निकालाला आप्पांना खांद्यावर घेऊन नाचले. वर्षाच्या आत आप्पा हातावर तुरी देऊन दुसऱ्या पक्षात. तेव्हापासून नाना त्यांचं नाव घेत नाहीत, "तो" म्हणतात. पुढे दर वेळी पडलो. हद्दी बदलल्या, अर्धी गावं शेजारच्या मतदारसंघात गेली, तरी यांचा वखर सुटला नाही. आप्पा वारले तेव्हा अंत्यविधीला गेले नाहीत. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

२० नोव्हेंबर
मतदान. नानांना दिसत नाही म्हणून सोबती म्हणून मी आत. मत गुप्त ठेवीन असं लिहून दिलं, माझ्याही बोटाला शाई. पुठ्ठ्याच्या आड नाना बटणं चाचपत होते.
"वखर कोठे शे रे?"
आप्पांच्या मुलाच्या बटणावर यांचं बोट ठेवायला माझा हात होईना. शेवटच्या बटणावर नेलं. नोटा.
"हाई?"
"हो नाना."
दाबलं. शिटी वाजली तसे मशीनला हात जोडले. मत गुप्त राहिलं खरं, ज्याचं त्याच्यापासूनच.

२१ नोव्हेंबर
रहीमचाचा आले होते. नाना त्यांना सांगतात, "वखरले मत दिधं भो. मरानं आधी एकदाव परत." चाचांना सगळं ठाऊक. माझ्याकडे पाहिलं, मग नानांचा हात धरून म्हणाले, "बराबर करं, नाना." बाहेर आल्यावर सायकल घेतली नि गेले.

२३ नोव्हेंबर
निकाल. आप्पांचा मुलगा आला.
नानांना म्हटलं, आपला आला. युतीचा म्हणजे आपलाच की, अशी स्वतःची समजूत घातली. पण नाना रडायला लागले. मोठ्याने, लहान मुलासारखे. मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. वाटलं होतं दोन दिवस खूश राहतील नि विसरतील. कसलं काय! धुतलेलं धोतर मागितलं, टोपी मागितली. "माले गावमा ली चाल. त्याले गुलाल मीच लावसू."
मिरवणूक संध्याकाळी चौकात येणार. म्हटलं, गर्दी असते, डॉ. नको म्हणालेत. ऐकत नाहीत. सौ. म्हणते, आत्ताच्या आत्ता सांगून टाका. दोनदा गेलो सांगायला. दारात बसलेत, मांडीवर गुलालाची ताटली. मी जवळ गेलो की विचारतात, पोऱ्या उंच आहे का, टिळा लावायला हात पुरेल का.
डोळे गेले, पण कान शाबूत आहेत. चौकात घोषणा होणार त्या आप्पांच्याच नावाच्या.
गाडी काढून ठेवलीय. नाना हाका मारतायत.