सागिनबेक आजोबांचा ढोल थांबेना

काराकोल, मंगळवार

वडीलधाऱ्या कालिपाआजींना आयसालकिनचा वाकून सलाम. तुमचे गुडघे, तुमची घोडी आणि तिचं शिंगरू, सगळ्यांचं बरं चाललंय ना? आम्ही इथे धडधाकट आहोत, पण काल दुपारी मी जी हबकलेय, ती अजून भानावर आलेले नाही.

झालं असं, की संस्कृती भवनातल्या संगणकाला कर्णे जोडून आम्ही पाच जणांनी एक सोय केली. लिंक उघडायची (ब्राउझर असला की पुरे, मोबाइलवरचाही चालतो), ठेका निवडायचा, की तो घरबसल्या इथल्या सभागृहात वाजतो. हिरवं बटण दाबलं की सुरू, लाल दाबलं की बंद, आणि कोणीही कोणाचाही ठेका बंद करू शकतो. (इथेच आमची अक्कल शेण खायला गेली होती.) संचालिका गुलबाराबाईंची अट एकच: शुक्रवारपर्यंत कार्यक्रम नीट करून दाखवा, नाहीतर भवनातली तुमची खोली बुद्धिबळवाल्यांना. आता थोरांच्या आशीर्वादाशिवाय सुरुवात करायची कशी? म्हणून तुमच्या धाकट्या भावाला, सागिनबेक आजोबांना, गावाकडूनच पहिला ठेका लावायला सांगितलं, हाच आशीर्वाद म्हणून.

त्यांनी ढोल लावला. सगळं सभागृह आशीर्वाद घ्यायला तळहात पसरून बसलं. ढोल काही संपेना, आणि आशीर्वाद संपल्याशिवाय हात तोंडावरून फिरवणार कसे? चाळीस मिनिटं, आजी! दीडशे माणसं हात पसरून! बाईंचे दंड थरथरायला लागले. आमच्यातल्या अझिरबेकने लाल बटणाकडे नुसतं बोट नेलं, तर त्याची आई पहिल्या रांगेतून कडाडली, "मेल्या, थोरांच्या तोंडावर हात ठेवतोस?" (तार उपटणं तर त्याहून वाईट, म्हाताऱ्या माणसाला दंडाला धरून बाहेर काढल्यासारखं.) मी आजोबांना फोन केला. म्हणाले, "मी सुरुवात करून दिली, पोरी. पुढचं तुमचं. कसं वाजतंय?" त्यांची बायको, माझी आजी, वारल्यापासून ते इतके खुशीत कधी बोलले नव्हते. मला रडूच आलं. मी म्हटलं, झकास. शेवटी लोक तसेच हात पसरून घरी गेले.

तुमची नात,
आयसालकिन

ता.क. ढोल अजून वाजतोय. आजोबांहून मोठ्या अशा आपल्या घराण्यात तुम्ही एकट्याच. धाकट्या भावाला गप्प बसवलंत तर कोण काय म्हणणार? आमची खोली वाचवा. लाल बटण, आजी. लाल.

आणखी एक. लिंक मी मघाशीच तुमच्या सुनेच्या फोनवर पाठवली होती. आत्ता ढोलाच्या जोडीला घंटाही वाजू लागली आहे. तुम्हीच ना? छान आहे हो. पण आजी, तुमच्याहून मोठं आपल्याकडे आता कोणीच उरलेलं नाही.