शाळेचा उतार

जिंतूर, ता. ४ नोव्हेंबर १९५७
गोदीला पाठीवर घेऊन शाळेच्या पायऱ्या चढलो. मधल्या पायरीवर दम लागला. "आबा, टेका जरा." टेकलो असतो तर दोघंही खाली आलो असतो. चार वर्षांची असताना तापात पाय गेले, तेव्हापासून उचलतो. आता बालवर्गाची बाई झाली, तरी बापाच्या पाठीवरच. माझ्यानंतर कोण? तिची नोकरी जाईल. दिवसभर तोच घोर.

ता. ६
हेडमास्तरांना अर्जी दिली. पायऱ्यांच्या बाजूने दगडमातीचा उतार बांधावा, म्हणजे गोदीची बसायची चाकाची फळी वर जाईल. घाईत 'उतारा' लिहिलं. एक काना जास्त. त्यांनी सगळ्यांदेखत वाचलं, "आबा, शाळेला उतारा? मग लिंबू-भात कुणी आणायचा?" सगळे हसले. मीही हसलो. शेजारची गयाबाई नातवाला सोडायला आली होती. ती हसली नाही.
मंजूर मात्र झालं.

ता. १८
उस्मान मिस्त्रीने काम पुरं केलं. "इसपर तो बकरी बी चढेगी, आबा. चुना सुकू द्या." जाताना सांगून गेला, बाया पाणवठ्यावर बोलतात की म्हाताऱ्याने पोरीची पीडा शाळेच्या दारात उतरवली, ओलांडील त्याला लागेल. सांगितलं नसतं तर बरं.

ता. २०
गोदी फळीवर बसून एकटी वर गेली. दोन्ही हात जमिनीला रेटत. वर पोचून वळून माझ्याकडे बघितलं. दुपारी गयाबाईचा नातू नामा गोदीच्या मांडीत बसून फळीवरून वर-खाली करत होता. गयाबाईने येऊन दंड धरून ओढला. "ह्याच्यावर पाय ठिवायचा न्हाई, सांगितलं हाय ना तुला?" गोदीकडे बघितलंही नाही.

ता. २२
अमावास्या काल झाली. सकाळी उताराच्या मधोमध दहीभात, लिंबू, कुंकू, काळी बाहुली. कुणी ठेवलं, कळेना. उचलायला वाकलो, हात मागे आला. म्हटलं, आज पाठीवर चल. गोदीने फळी वळवली नाही. भात चिरडत वर गेली. "माझं आता आणखी काय जायचं ऱ्हायलंय, आबा?"
मला मात्र जेवण गेलं नाही.

ता. २६
नामाला लय ताप. बालवर्गात तीनच पोरं. हेडमास्तर म्हणाले, बाईंनी थोडे दिवस रजा घ्यावी. गोदी म्हणाली, "घेते. कारण काय लिहू, ते तुमी सांगा." त्यांनी रजेचा कागद पुन्हा खणात टाकला.

ता. ३०
नामाच्या तापाला उतार पडला. लिहिताना या शब्दाशी हात थांबला.
गोदी पुन्हा पुन्हा विचारते, त्याचे पाय बघितले का कुणी? तिला ठाऊक आहे कशाने कशाला सुरुवात होते. विचारायला गेलो. गयाबाईने दार उघडलं नाही. आतूनच, "उजवा पाय उचलंना झालाय लेकराला. झालं का तुमच्या मनासारखं?"
दारात उभा राहिलो. गोदीचे पाय गेले तेव्हा हा शाळेचा उतार कुठे होता, हे सांगायचं होतं. तसाच परत फिरलो.

ता. १ डिसेंबर
मिस्त्री आला होता. "कल पोरीला घर में रख्खो, आबा. लोगां पहार काढायलेत." उतार फोडणार. फोडला तर फोडू द्या, गोदी तरी वाचेल, असं मनात आलं. आणि मग तिला उचलायचं...

गोदीने आतून ऐकलं असावं.

ता. २
सकाळी दार उघडलं. समोर रस्त्यापलीकडे शाळेचा उतार शाबूत आहे. लोक पहारी घेऊन पाराशी उभे, कुणी पुढे येत नाही. उताराच्या पायथ्याशी गयाबाई बसली आहे. नामा मांडीवर, उजवा पाय लोंबतोय. पदराखाली हातात काहीतरी धरलंय. दगड की उताऱ्याचं लिंबू, ते इथून दिसत नाही. एकदा पायऱ्यांकडे बघते, एकदा पोराच्या पायाकडे.
गोदी वेणी घालून बसली आहे. म्हणते, "आबा, फळी काढा बाहेर."