उंदरानं खाल्लेलं पान

डोळखांब, ता. शहापूर
८ जुलै २०२५

ती. अक्षयदादास,
भूमिकाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर मी आवाज चढवला की तुझी रेंज जाते, म्हणून पत्र. पत्र मधेच कापता येत नाही.

तू चार वर्षं ज्या पाड्यावर शिकवलंस त्याच शाळेत माझी बदली झाली, याचा आईला केवढा आनंद झाला होता. मलाही झाला. पोरं अजून तुझं नाव काढतात. तिसरीतली रोशनी पहिल्याच दिवशी पुढे आली आणि दुसरीच्या पुस्तकातला नदीचा धडा तिनं घडाघडा वाचला. मी टाळ्या वाजवल्या. मग पुस्तक हातात घेतलं, तर त्या धड्याचं मधलं पान उंदरानं खाल्लेलं. नसलेलं पानही तिनं वाचलं होतं, दादा, आणि तेही बोट फिरवत.

मग एकेकाला तपासलं. पुस्तकातलं सगळ्यांना येतं. फळ्यावर ‘बकरी पळाली’ लिहिलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. तू एकेक धडा गौरीच्या नाचाच्या ठेक्यात बसवून पाठ करून घेतलास. एकदा ऐकलेलं गाणं ही पोरं जन्मात विसरत नाहीत, हे तुला पक्कं ठाऊक होतं. पान कुठल्या शब्दाला उलटायचं तेसुद्धा शिकवलंस.

एवढ्यावर भागलं असतं तर दोन शिव्या देऊन गप्प बसले असते. पण रोशनीची आई भिमी दिवाळीनंतर तिला वीटभट्टीवर नेणार आहे, धाकट्याला सांभाळायला. मी नको म्हटलं तर तिनं पत्र्याच्या पेटीतून प्रगतिपत्रक काढलं. ‘उत्तम वाचन करते’, खाली तुझी सही. भिमीला अक्षर येत नाही, पण तुझी सही ओळखते. म्हणाली, गुरुजींनी लिवून दिलंय पोरीला वाचाया येतं, मंग आता शालत बसून काय करंल ती? माझं तिला पटत नाही, मी कालची आलेली. एखाद्या रविवारी ये आणि तुझ्या तोंडानं तिला सांग की तू खोटं लिहिलंस.

वहिनीला नमस्कार. मी फार चिडले आहे. राग उतरेपर्यंत तुझा लोभ तूच सांभाळ.

तुझी धाकटी,
भूमिका


वैशाखरे, ता. मुरबाड
१९ जुलै २०२५

चि. भूमिका हिस,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र तुझ्या वहिनीनं आधी फोडलं, त्यामुळे दोन दिवस मला चहा गार मिळतो आहे. समाधान झालं असेल.

मी तिथे रुजू झालो तेव्हा वर्गात पोरं नव्हती, गावाच्या शेळ्या बांधलेल्या होत्या. शेळ्या मी हाकलल्या, ढोलकी मी नेली, घरोघर जाऊन पोरं मी गोळा केली. आज तू आयत्या बिळावर नागोबा होऊन मलाच फूत्कारतेस. चार वर्ग, एक मास्तर, आणि साहेब आले की प्रत्येक मूल वाचताना दिसलं पाहिजे. शिकवायचं कधी? वर्षभर थांब, तूही ढोलकी शोधशील.

इथे आदर्श शिक्षकाचं मानपत्र भिंतीवर लावलं आहे. ते ज्या हातानं घेतलं त्याच हातानं केलेली सही एका आईपुढे जाऊन खोटी म्हणू? मी येणार नाही. रोशनी वाचते. मी सही केली आहे.

हे पत्र आईला दाखवू नकोस. रागातही मी थोरला आहे एवढं ध्यानात असू दे.

तुझा,
अक्षयदादा


डोळखांब
१४ ऑक्टोबर २०२५

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईला दाखवलं नाही. शाळेच्या कामी वापरलं.

पुस्तक उघडलं की पोरं ठेका धरतात, म्हणून पुस्तकंच कपाटात कोंडली. तीन महिने आम्ही बियाण्याची पिशवी, मिठाचा पुडा, एसटीची पाटी, असं कधी न ऐकलेलं वाचतो आहोत. रोज पोरांचा आणि माझा जीव मेटाकुटीला येतो. ठेक्यातून सोडवून एकेक अक्षर दाखवणं म्हणजे काय, ते तू इथे चार दिवस बसून बघायला हवं होतंस. तुला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहीत नाही.

रविवारी भिमीकडे गेले. लवकर पिकणारं हळवं भात कापून झालं होतं, भट्टीवर न्यायचं गाठोडं बांधलेलं होतं. तुझं पत्र रोशनीच्या हातात दिलं. मी. येणार. नाही. रोशनी. वाचते. ‘सही’वर दोनदा अडकली, घाम फुटला तिला.

भिमी माझ्यावरच भडकली. गुरुजींच्या टायमाला पोर धो धो वाचायची, तुमी आल्यापासनं अडकाया लागली, म्हणाली. मी तोंड उघडणार इतक्यात रोशनीच बोलली की तवा मी वाचत नव्हते आये, गात होते.

 भिमीनं त्याच ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचायला लावलं आणि विचारलं, गुरुजी का नाय येणार? पोरीनं माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं. तुझी लाज मला वाटली. मग भिमीनं गाठोडं सोडून रोशनीचे दोन फ्रॉक बाहेर काढले. पोर आजीपाशी राहणार आहे, धाकट्याला भिमीच पाठीशी बांधणार आहे.

सोबत ते प्रगतिपत्रक पाठवते. गुरुजींचा कागद गुरुजींना देऊन टाका, असं भिमीनं सांगितलं आहे.

तुझ्या लोभाची मला गरज आहेच, पण आज मागणार नाही.

भूमिका


वैशाखरे
१२ नोव्हेंबर २०२५

चि. भूमिकास,
आशीर्वाद.

प्रगतिपत्रक मिळालं. ऐन दिवाळीत आलं, चार दिवस तुझ्या नावानं बोटं मोडली. वहिनीनं ते मानपत्राशेजारी टाचून ठेवलं आहे, काढू देत नाही. भिमी कुठल्या भट्टीवर आहे ते विचारून कळव. मी तिथे जाऊन तिच्याशी बोलतो.

शाळा उघडली त्या दिवशी, तू म्हणतेस ते खोटं पाडावं म्हणून, तुझं शेवटचं पत्र इथल्या तिसरीच्या हातात दिलं. दहा पोरं आहेत. पत्रावर बोट फिरवत एकेकानं मला नदीचा धडा म्हणून दाखवला. एकही अडकला नाही.

उत्तर मोठ्या अक्षरात लिही, वर्गात लागणार आहे. मला काय बोलायचं ते बोल, फक्त जोडाक्षरं कमी घाल.

तुझा,
दादा